उलट्या पदराची आई

एकोणिसाव्या शतकात कोणा गोऱ्या माणसाने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले, आजवर जेमतेम तीन प्रतींची नोंद झालेले एक चित्र माजिवड्याच्या आगरी घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर कसे येऊन पोचले? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला सापडलेले नाही. ज्या मढवींच्या घरात ते होते, तिथे 'बंगल्यावरून आलं' एवढेच सांगतात. कोणता बंगला, देणारा कोण, मागून मिळाले की न मागता, हे सांगणारे माणूस आता उरलेले नाही. त्यामुळे या चित्राच्या मालकीचा सुरुवातीचा रकाना कोराच ठेवावा लागतो. पुढचा इतिहास मात्र महिन्या-वर्षासकट सांगता येतो, आणि त्याचे श्रेय एका फ्रेमवाल्याचे आहे.

दामाजी नाखवा मूळचे चेंदणी कोळीवाड्यातले. वडील आणि दोन्ही थोरले भाऊ खाडीवर जात. दामाजींना मात्र होडीत पाय ठेवला की पोटात ढवळायचे. कोळ्याच्या पोराला पाणी लागते, ही गोष्ट कोळीवाड्याने बरीच वर्षे पुरवून पुरवून वापरली. सतराव्या वर्षी ते ठाण्याच्या बाजारपेठेत एका काचवाल्याच्या हाताखाली लागले आणि १९८१ साली त्यांनी माजिवड्याला, रस्त्याच्या कडेला, आठ बाय दहाच्या गाळ्यात स्वतःचे दुकान टाकले. देवांच्या तसबिरी, लग्नातले फोटो, वारलेल्या माणसांचे फोटो, आरसे. कामाचा आवाका एवढाच.

कामाची एक रीत मात्र त्यांची स्वतःची होती. चौकट उघडली की आत जे काही निघेल ते, मग ते जुने वर्तमानपत्र असो की कॅलेंडरचा पुठ्ठा, ते फेकत नसत. नवा पुठ्ठा घालताना जुना कागद त्याच्या मागे परत सरकवत आणि पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहीत: तारीख, आणणाऱ्याचे नाव, कुठून आणले, उघडल्यावर आत काय निघाले. मग वरून खाकी कागद डकवून सारे बंद. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुपारचा डबा घेऊन दुकानात येत, आणि हा प्रकार बघून एकदा तरी बोलल्याशिवाय राहत नसत.

"आतल्या बाजूला लिहिता आणि वरून कागद चिकटवता. वाचायचं कोणी, झुरळांनी?"

"पुढच्या फ्रेमवाल्याने," दामाजी म्हणत. "काच काय जन्मभर टिकते?"

दुसरी एक रीत अशी होती की तिच्याबद्दल गावात उघड बोलत नसत. देवाच्या तसबिरीची काच तडकली तर ती खंडित झाली असे मानतात. ती घरात ठेवीत नाहीत, आणि कचऱ्यात टाकवत तर मुळीच नाही. माजिवड्यातले लोक अशा तसबिरी देवळामागच्या पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवीत. दसऱ्याच्या आधी घरे झाडली जात तेव्हा पारावर तसबिरींची रांगच लागे. ऊन-पावसात त्या कुजत पडत. दामाजी आठवड्यातून एकदा सकाळी जाऊन त्या गोळा करीत. चित्रे काढून भरतीच्या वेळी खाडीत सोडून देत, आणि सागवानी पट्ट्या नमस्कार करून कामाला घेत. पिंपळावरचे उचलणारा माणूस म्हणून शेजारचा चहावाला त्यांना 'मुंजा' म्हणे. "आला आमचा मुंजा, त्याला कटिंग दे," असे तो गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, आणि दामाजी तो चहा शांतपणे पीत.

ऑक्टोबर १९९६ मधल्या अशाच एका फेरीत त्यांना एक काळपट चौकट मिळाली. काचेला कोपऱ्यापासून मधोमध तडा होता आणि काचेवर हळद-कुंकवाची इतकी पुटे होती की आतले चित्र जवळजवळ दिसतच नव्हते. दुकानात येऊन त्यांनी मागचे बारीक खिळे उपटले, पुठ्ठा काढला, कागद बोटांत धरला, आणि खाडीत सोडण्याच्या ढिगावर ठेवता ठेवता त्यांचा अंगठा थबकला. चित्राच्या चारी बाजूंनी कागद किंचित खाली दबलेला होता. छापील तसबिरीचा कागद सपाट असतो. इथे कोणीतरी जड, धारदार कडेचा पत्रा कागदावर जोराने दाबला होता, आणि ती कड कागदात कायमची रुतली होती.

हे एचिंग होते. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन सुईने त्यात रेघा ओढतात, पत्रा आम्लात बुडवतात, आम्ल उघड्या रेघा खाते. मग त्या रेघांत शाई भरून ओल्या कागदावर रुळाखाली दाब देतात. हे शब्द आणि ही कृती दामाजींना त्या दिवशी ठाऊक नव्हती. त्यांना कळले ते एवढेच, की हा कागद हातांनी केलेला आहे आणि खाडीत सोडण्याचा नाही. चित्रात खाडीकाठच्या खाजणाचे सपाट पाणी होते, मागे डोंगरांची ओळ होती, आणि पुढे गुडघ्यापर्यंत लुगडे नेसलेली एक बाई लांब दांड्याची फळी घेऊन वाकली होती. तिचा पदर उजव्या खांद्यावर होता. नाकातली मोरणी उजव्या नाकपुडीत होती, आणि फळी ओढताना जोर डाव्या हातावर होता. वर आभाळात, काचेच्या तड्यातून झिरपलेला कुंकवाचा एक ठिपका होता. खाली कोपऱ्यात दोन उलटी अक्षरे आणि एक उलटे साल.

चित्र आणि पुठ्ठा यांच्यामध्ये घट्ट बसावे म्हणून कोणीतरी लग्नपत्रिका दुमडून घातलेली होती. चि. आनंदा मढवी, मु. माजिवडे, १९७१ सालचा वैशाख. दामाजींनी रीतीप्रमाणे ती परत आत ठेवली, पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले: 'ऑक्टो. ९६. देवळामागचा पिंपळ. आत पत्रिका, मढवी, माजिवडे.' नवी काच घातली, जुनीच चौकट साफ करून बसवली आणि चित्र दुकानातल्या आपल्या डोळ्यांसमोरच्या भिंतीवर लावले. कोणी किंमत विचारली तर सांगत, "विकायचं नाही, माझं नाहीये."

पुढे सात वर्षांनी, २००३ मध्ये, एका केशकर्तनालयाचा मोठा आरसा चौकटीसाठी आला. तो चित्रासमोरच्या भिंतीला टेकवून ठेवलेला असताना दामाजींनी सहज मान वळवली, आणि आरशात त्यांना तेच चित्र दिसले. बाईचा पदर डाव्या खांद्यावर आला होता. मोरणी डाव्या नाकपुडीत, जिथे ती असायची तिथे. फळीला जोर उजव्या हाताचा. कोपऱ्यातले साल सरळ वाचता येत होते: १८५८. कागदावर पत्र्याचा ठसा उलटा उमटतो हे ज्याच्या अंगवळणी पडलेले असते तो कोरतानाच उलटे कोरतो. हा कोणी नवखा, हौशी माणूस असावा. त्याने डोळ्यांना दिसले तसे पत्र्यावर कोरले आणि सारी खाडी कागदावर उलटी उतरली. दामाजींनी हे कोणाला सांगितले नाही. सांगण्याजोगे कोणी त्यांच्याकडे येतही नव्हते.

रस्तारुंदीत माजिवड्याचा गाळा गेला. २००६ मध्ये त्यांनी विठ्ठलवाडीला, स्टेशनापासून जवळच, दुकान हलवले आणि पहिला खिळा ठोकला तो या चित्रासाठी. बावीस वर्षे ते चित्र त्यांच्यासमोर राहिले. वापरातल्या वस्तूची जशी सवय होते तशी ही नव्हती. गिऱ्हाईक नसे तेव्हा ते उठून जवळ जात आणि एकेक रेघ बघत. पाण्यावरच्या आडव्या रेघा सुईच्या एकाच फटक्यात ओढलेल्या आहेत, बाईच्या पोटरीवर मात्र हात तीनदा फिरलेला आहे, असे त्यांचे शोध होते. नंतर दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलेल्या प्राध्यापक कल्पिता यांनी पुढे मान्य केले, की एचिंगवर लिहिलेल्या पुस्तकांत जे त्यांनी वाचले त्यातले बरेचसे या माणसाने नुसते पाहून ओळखले होते.

कल्पिता डोंबिवलीच्या. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात त्या इतिहास शिकवतात. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या जुन्या नकाशांना चौकटी करून घ्यायला दामाजींकडे आल्या. ठाण्याच्या खाडीकाठावरची जुनी चित्रे आणि नकाशे यांचे प्रदर्शन जानेवारीत भरवायचे होते. भिंतीवरचे एचिंग बघून त्यांनी परवानगी मागून फोटो काढला, आणि तीन आठवड्यांनी त्या धावतच परत आल्या.

"दामाजीकाका, याच्या फक्त दोन प्रती माहीत आहेत. दोन्ही परदेशात. ही तिसरी."

"असं होय."

"एका संग्रहाच्या यादीत याचं नाव 'डावखुरी कोळीण' असं दिलंय. आणि जागा कोकणातली कुठली तरी म्हणतात, कारण डोंगर जुळत नाहीत."

दामाजी हसले. त्यांनी कोपऱ्यातला एक आरसा उचलून चित्रासमोर धरला. कल्पितांनी वाकून आरशात पाहिले.

"डावखुरी नाही. आणि डोंगरही ठाण्याचेच," त्या म्हणाल्या.

"आणि कोळीणही नाही. हातात मीठ ओढायची फळी आहे. कोळणी असं लुगडं नेसतही नाहीत."

"एवढं खात्रीने कसं सांगता?"

"मॅडम, मी कोळी आहे."

प्रदर्शनाच्या समितीने प्रत्येक वस्तूसाठी एक छापील अर्ज केला होता. त्यात एक रकाना होता: मालकी व पूर्वेतिहास. कल्पितांनी तो दामाजींपुढे ठेवला. नाव लिहा आणि सही करा, बस. जन्मभर दुसऱ्यांची नावे पुठ्ठ्यामागे लिहिलेल्या माणसाचे नाव पहिल्यांदाच पुस्तकात, समोरच्या बाजूला छापून येणार होते. दामाजींनी पेन हातात घेतले आणि तसेच धरून ठेवले.

"सांभाळलंय मी. मालक कसा होईन?"

"बावीस वर्षं तुमच्याकडे आहे. कोणी मागायला आलं?"

"पिंपळाखाली ठेवलेलं कोणी मागायला येतं का?"

"मग मी काय लिहू, 'पिंपळाखाली सापडलं'? समिती मला वेड्यात काढेल. नाहीतर चोरीचं समजेल."

"म्हणूनच म्हणतो, थोडे दिवस द्या."

खरे तर शोध घेण्यासारखे फारसे काही नव्हते. पत्ता चौकटीच्या आतच होता आणि पहिल्या दिवसापासून दामाजींना तो ठाऊक होता. बावीस वर्षे ते तिकडे फिरकले नव्हते, याला ते एक कारण सांगत: खंडित म्हणून जे घराबाहेर गेले ते परत उंबऱ्याशी नेणे म्हणजे त्या घराचे वाईट चिंतणे. हे कारण खोटे नव्हते. दुसरे कारण त्यांनी त्या संध्याकाळी घरी जेवताना फक्त लक्ष्मीबाईंना सांगितले.

"त्यांनी घेतलं तर जाईल ते."

"मग जाऊ दे. भिंत काय ओस पडणार आहे? आरसा लावा."

"आरसे काय कमी बघितले मी."

"मग नका जाऊ," लक्ष्मीबाई भात वाढता वाढता म्हणाल्या. "लिहा आपलं नाव, करा सही. नंतर मात्र मला सांगू नका की घास उतरत नाही."

सप्टेंबरमधल्या एका रविवारी दामाजी चित्र जुन्या चादरीत गुंडाळून माजिवड्याला गेले. मढवींच्या गावठाणातल्या घराच्या जागी आता इमारत होती आणि मढवी चौदाव्या मजल्यावर राहत होते. दामाजींनी चित्र दाराबाहेर, लिफ्टसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवले. बगलेत दुकानातला दीड फुटी आरसा होता, तो तेवढा घेऊन त्यांनी घंटी वाजवली. दार दर्शनाने उघडले. ती आनंदा मढवींची सून, त्यांचा मुलगा दिपेश याची बायको. आनंदा काही वर्षांपूर्वी वारले होते. दिपेश एका बँकेत नोकरीला होता आणि रविवार म्हणून घरीच होता. खिडकीशी पलंगावर आनंदांची आई मनुबाई पाय पसरून बसली होती. तिचे वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी.

"कोन आयलाय रं?" तिने विचारले.

दामाजींनी नाव सांगितले.

"चेंदनीचा नाखवा? कुनाचा तू?"

"धर्माजींचा धाकटा."

"म्हंजे पानी लागायचं, तो?"

"तोच, मावशी."

म्हातारी मनापासून हसली. मग दामाजींनी पिंपळाची गोष्ट काढली, आणि खोलीतले हसू थांबले. दिपेशला सगळे आठवत होते. "मीच ठेवून आलेलो ना. दसऱ्याची साफसफाई चालू होती, माझ्याच हातून पडली. काच गेली. आजी दोन दिवस जेवली नव्हती."

त्या घरात चित्राला 'उलट्या पदराची आई' म्हणत. माणसांच्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर, हिचा उजव्या. माणसांच्या बायकांची मोरणी डावीकडे, हिची उजवीकडे. शिवाय काम डाव्या हाताने. जी सगळेच उलटे करते ती बाई माणसातली कशी असेल? मनुबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला पहिल्या दिवशी हीच खूण दाखवली होती, आणि त्या दिवसापासून काच तडकेपर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षे, तिने हळद-कुंकवाचा एकही मंगळवार चुकवला नव्हता.

"खंडित देव परत आनतंस," ती दामाजींना म्हणाली. "कं रं, आमच्यावर राग हाय काय तुजा?"

"आत आणला नाही, मावशी. दाराबाहेर आहे. विचारायला आलोय, तुमचं आहे ते, न्यायचं का म्हणून."

"आमाला नको. एकदा घराभायेर गेला तो गेला. तुज्याकडं ऱ्हायला, तू काच घातलीस, आता तो तुजा. जा, सुखान ठेव."

दिपेशने मान हलवली. आणखी काही विचारायचे राहिले नव्हते. ज्यासाठी दामाजी बावीस वर्षे इकडे यायचे टाळत होते ते घडले नव्हते, उलट चित्र त्यांना रीतसर, म्हातारीच्या तोंडून मिळाले होते. त्यांनी तिच्या पाया पडून उठायचे, चादर गुंडाळायची आणि विठ्ठलवाडीला जाऊन अर्जावर सही करायची, एवढेच होते. ते उठलेही. मग तिथेच उभे राहिले. म्हातारीने चित्र सोडले होते ते देव समजून. तो देव नाही हे त्या खोलीत एकट्या दामाजींना माहीत होते.

"मावशी, जरा दाराशी येता? एक दाखवायचंय."

दर्शनाने दाराच्या आत खुर्ची ठेवून मनुबाईला बसवले. दिपेशने सांगितल्याप्रमाणे आरसा धरला. दामाजी बाहेर गेले, चादर सोडली, आणि उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून त्यांनी चित्र आरशासमोर धरले. म्हातारीला चित्र दिसत नव्हते, आरसा दिसत होता.

ती पुढे वाकली. "पदर," ती म्हणाली. मग तिची नजर पदरावरून हातांकडे गेली.

"ही फली हाय. मीठ वढायची. आमी माहेरी मिठागरान अशीच वढायचू." तिने बसल्या जागी दोन्ही हात पुढे करून दाखवले. "पाठ बग तिची. दुखते पाठ."

"कागदावर सगळं उलटं उमटतं, मावशी. कोरणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. खरी अशी होती."

"म्हंजे देव नाय."

"नाही, मावशी."

दिपेशने आरशाआडून डोके बाहेर काढले. "आजी, म्हणजे आपण इतकी वर्षं..."

"पन्नास वर्सं हलद-कुंकू लावलं मिठागराच्या बाईला," मनुबाई म्हणाली. तिचे तोंड हसण्यासारखे झाले, पण ते हसू पुरते आले नाही. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बरं झालं. तिला दुसरं कोन लावनार व्हतं?"

मग तिने मान वर करून दामाजींकडे पाहिले. "ती मंग भायेर कं उभी? बाई हाय ना? आमच्या घरची हाय. आन तिला आत."

दामाजींनी चित्र उंबऱ्याच्या आत नेले. खिळा दिपेशने ठोकला. उंची दामाजींनी ठरवली.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, पण डिसेंबरात प्रदर्शनाच्या पुस्तिकेचा, मालक म्हणून मढवींचे नाव असलेला मसुदा तयार झाला आणि दिपेशने एक दुरुस्ती सुचवली. त्याला मजकूर हवा होता तो असा: 'पाच पिढ्या मढवी कुटुंबाच्या संग्रहात.' समितीलाही हे पसंत होते. अखंड मालकी दाखवता आली की वस्तूचे वजन वाढते, आणि पिंपळाचा पार छापणे कोणाच्याही सोयीचे नव्हते. कल्पितांना मात्र दामाजींना विचारल्याशिवाय पुढे जाववेना. दिपेश, दर्शना, कल्पिता आणि दामाजी असे चौघे मढवींच्या घरी बसले. मनुबाई पलंगावर डोळे मिटून पडली होती.

"काका, तुमचा अपमान करायचा नाहीये," दिपेश म्हणाला. "पण लोक वाचतील ना, यांनी घरातली वस्तू झाडाखाली फेकली म्हणून. माझे ऑफिसातले सगळे येणार आहेत."

"माझं नाव गाळा," दामाजी म्हणाले. "मला त्याचं काही नाही. पण शहाण्णव ते अठरा ती या घरात होती असं लिहू नका. नव्हती ती."

"कोणाला कळणार आहे?"

"पुठ्ठ्यावर लिहिलेलं आहे. आत. महिन्या-सालासकट."

"ते खोडता येईल की."

"येईल. पण फ्रेम उघडावी लागेल, आणि उघडायला तुम्ही ती माझ्याकडेच आणणार."

कल्पितांना हसू आवरले नाही. दिपेशला मात्र राग आला. "मग काय लिहायचं? मीच नेऊन टाकली, असं? माझं नाव घालून?"

"कोनी टाकली?" पलंगावरून आवाज आला. मनुबाईने डोळे उघडलेले नव्हते. "तू टाकलीस?"

"तूच सांगितलंस ना आजी, ठेवून ये म्हणून."

"मंग माजं नाव घाल. म्यां सांगितलं, म्यां ठेवायला लावली. लाज वाटायची तं मला वाटूदे. तुला कशाला?"

दिपेशने मसुदा कल्पितांकडे परत सरकवला. दर्शना उठून चहा करायला गेली. कल्पितांनी वही काढली आणि त्याच बैठकीत मजकूर लिहून सगळ्यांना वाचून दाखवला. समितीत पुढे त्यावरून दोन तास वाद झाला असे सांगतात, पण तो मजकूर एका शब्दाचाही फरक न होता छापला गेला:

'मीठ ओढणारी स्त्री, ठाण्याची खाडी. एचिंग, १८५८. कलावंत अज्ञात. मालकी: मढवी कुटुंब, माजिवडे, कसे आले ते माहीत नाही, ऑक्टोबर १९९६ मध्ये काच तडकल्यामुळे मनुबाई मढवी यांच्या सांगण्यावरून पिंपळाच्या पारावर ठेवले, १९९६ ते २०१८ दामाजी धर्माजी नाखवा, फ्रेमकार, यांच्याकडे सांभाळ, सप्टेंबर २०१८ पासून पुन्हा मढवी कुटुंब. आभाळातील लाल ठिपका कुंकवाचा असून तो काढलेला नाही.'

ठिपक्याचे शेवटचे वाक्य दामाजींच्या आग्रहाने आले. कल्पितांच्या ओळखीचा एक जाणकार तो डाग काढून द्यायला तयार होता. दामाजी म्हणाले, काचेला तडा गेला तेव्हा ती कुठे होती हे सांगणारा तेवढाच एक साक्षीदार चित्राच्या दर्शनी बाजूला आहे. बाकी सगळे पुठ्ठ्याच्या आत.

जानेवारी २०१९ मध्ये ठाण्यात नऊ दिवस प्रदर्शन चालले. एचिंगच्या शेजारी समितीने एक आरसा लावला होता. माजिवड्याच्या बायका टेम्पो करून आल्या. आधी चित्रापुढे हात जोडत, मग आरशात बघत, आणि मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्या एकमेकींना मिठागरातल्या गोष्टी सांगत तिथेच बसकण मारत. तिसऱ्या दिवशी मनुबाईला चाकाच्या खुर्चीतून आणले. भिंतीवरचा मजकूर दिपेशने तिला मोठ्याने, तिचे आणि पिंपळाचे वाक्य न गाळता वाचून दाखवला. त्याचे बँकेतले सहकारी मागे उभे होते. दामाजी त्या वेळी दुसऱ्या भिंतीशी होते; एका नकाशाची चौकट किंचित कलली होती, ती ते सरळ करीत होते. त्या प्रदर्शनातल्या एकेचाळीस चौकटी त्यांच्या हातच्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने तारीख, नाव आणि गाव लिहिलेले आहे.

मनुबाई मढवी नोव्हेंबर २०२१ मध्ये वारल्या. मार्च २०२३ मध्ये हे एचिंग कल्याणच्या एका प्रदर्शनात दुसऱ्यांदा लागले. त्या प्रदर्शनाच्या छापील यादीत मालक म्हणून मनुबाईंच्या नातसुनेचे, दर्शना दिपेश मढवी यांचे नाव आहे; मनुबाईंकडेही ते सासूकडूनच आले होते.